लांबून मारायची बंदूक

माझा पुतण्या दुकानात आला तेव्हा मी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या भिंतीला लावून घेत होतो. आमचं खत-बियाण्यांचं दुकान ताडकळसच्या बाजारात आहे, शेती तिथून जवळच्या आमच्या गावी. पुतण्या म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. शेती तोच बघतो. त्यानं दोन पिशव्या मला उचलून दिल्या, हात झटकले आणि म्हणाला, "मोठे आप्पा, एक विचारायचं होतं. बोर कोणती घ्यावी?"

मला वाटलं, विहिरीच्या बोरबद्दल विचारतोय. त्यानं मोबाइल काढून समोर धरला तेव्हा कळलं. पडद्यावर बर्फाच्या डोंगरात एक दाढीवाला परदेशी माणूस पालथा पडून रायफल चालवत होता.

"परवान्याचं काम होत आलंय," तो म्हणाला. "डुकरालाबी चालंल, रोह्यालाबी चालंल, आन लांबून मारता येईल अशी एकच घ्यायची. दोन-दोन कोण सांभाळत बसतंय? ही बघा, थर्टी झीरो सिक्स. गोळी लय सपाट जाती म्हणतेत."

"काडतुसं कुठून आणशील?"

"मग तीनशे पंधरा? दादांची होती ती?"

दादा म्हणजे त्याचे वडील. माझा चेहरा पाहून त्याला वाटलं, म्हातारा जुन्या आठवणीनं घाबरला. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भिऊ नका, मोठे आप्पा. मी काय पीत न्हाई."

त्या वाक्यासाठी हे लिहायला बसलो आहे. आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे की माझ्या भावानं दारूच्या नशेत गोळी चालवली आणि नाल्यापलीकडं धनगराची सून मेली. भाऊ आयुष्यात कधी प्यायला नाही. त्या सकाळी तो शुद्धीत होता, नेहमीसारखाच सावध होता. गोळी सुटण्याआधी त्यानं मला विचारलं होतं, आणि मी त्याला चुकीचं उत्तर दिलं होतं. पुढं ती चूक मी नाकारली.

आमचं घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. तरीही घरात वडिलांच्या काळापासून पिकाच्या राखणीसाठी बारा बोरची बंदूक होती. ती दोन नळ्यांची, छऱ्यांची. डुक्कर पन्नास पावलांच्या आत आलं तरच तिचा उपयोग. भाऊ उसाच्या कोपऱ्यावरच्या माळ्यावर बसायचा. माळा म्हणजे चार बांबूंवर बांधलेलं उंच मचाण. वरून खाली मारायचं, म्हणजे चुकलेला छर्रा काळ्या मातीत रुततो. हा वडिलांचा नियम.

दुसराही एक नियम होता. गोळी चालवण्याआधी घरी विचारायचं. कोण मजूर कोणत्या तुकड्यात, कोणाची बैलजोडी कुठं, कोणाच्या शेळ्या कुठं, याची वाटणी मी आदल्या संध्याकाळी करत असे. त्यामुळं शिवारात कोण कुठं आहे हे मला पाठ असे. वडिलांच्या काळात भाऊ माळ्यावरून शेल्यानं खूण करायचा, नंतर मोबाइल आले. "आप्पा, रान मोकळं हाय का?" एवढंच तो विचारायचा. मी हो म्हणालो तरच चाप ओढायचा.

मग डुकरं वाढली. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात डुकरं राहायला लागली. हरभऱ्याच्या घाट्यात दाणा भरला की रातोरात पट्टे उलटे करून टाकायची. जिंतूरच्या माळरानाकडून रोह्यांचे कळप यायला लागले. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, माणसाला लांबूनच ओळखतं, बंदुकीच्या पल्ल्यात येतच नाही. वनखात्याकडून परवानगी मिळाली, आणि आता रायफल घ्यावी असं घरात ठरलं.

रायफलच का, याचं एक कारण मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. बारा बोरनं डुक्कर जवळ पडतं. पडताना ओरडतं. एकदा मी माळ्यापाशी उभा असताना भावानं मादी मारली. छर्रे पोटात लागले होते. ती मागचे पाय ओढत माझ्याकडंच आली. मी घरी जाऊन आंघोळ केली, लिंगपूजा केली, आणि दिवसभर जेवलो नाही. त्यानंतर माझ्या मनानं घेतलं की मारणं टळत नसेल तर ते लांबून व्हावं. डोळ्याला दिसू नये, कानाला ऐकू येऊ नये. लांबून मारलं की पाप कमी लागतं, असा हिशेब मी केला होता. भाऊ हसला होता.

"आप्पा, मेलेल्याला काय कळतंय कुठून मारलं ते?"

"त्याला नाही, आपल्याला," मी म्हणालो.

परवाना भावाच्या नावावर होता, कारण माझ्या डोळ्यांना तेव्हाच चष्मा लागलेला. पण बोर कोणती घ्यायची ते मी ठरवणार, कारण मी वाचणारा. मी मासिकं मिळवली, माहितीपत्रकं मागवली, रात्री जेवण झाल्यावर भावाला वाचून दाखवायचो. बावीस बोर हलकी, डुकराला जखम करून सोडते. थर्टी झीरो सिक्स दमदार, पण काडतुसांसाठी कोणाकोणाच्या पाया पडायचं? तीनशे पंधरा देशी, जड गोळी, डुक्कर असो वा रोही, एका जागी पाडणारी, आणि काडतुसं मिळणारी. सगळ्या कामांना एकच. भाऊ जांभया देत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुमी म्हणाल ती."

आम्ही दोघं रेल्वेनं हैदराबादला गेलो. दुकानातला म्हातारा पांढऱ्या दाढीचा होता, सुरमा घातलेला. मी त्याला मोठ्या जाणकारीनं तीनशे पंधरा मागितली. त्यानं ती काउंटरवर ठेवली पण तिच्यावरचा हात उचलला नाही.

"क्या मारना है साब?"

"सुअर. नीलगाय. दूर से."

"सब दूर से बोलते. गोली भी दूर तक जाती, कोस भर जाती. तुम्हारे पीछे टेकडी है क्या?"

"काली मट्टी है. सपाट," मी म्हणालो.

"तो फिर मचान से चलाना," तो भावाकडं बघत म्हणाला, माझ्याकडं नाही. "हाथ में लंबी चीज आती तो आदमी की नजर छोटी हो जाती."

भावानं मान हलवली. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, विकायच्या आधी भीती घालायची ही दुकानदारांची पद्धतच असते. मी स्वतः दुकानदार होतो, मला कळतं असं मला वाटत होतं.

त्या पावसाळ्यात माळ्याच्या बांबूंना वाळवी लागली. दिवाळीनंतर भाऊ म्हणाला, "नवे बांबू आणावं लागतेत, आप्पा. जुने बसायच्या लायकीचे न्हाईत."

मी म्हणालो, "आता कशाला झाडावर चढल्यासारखं चढतोस? या रायफलीला माळा लागत नाही. बांधावरून मार."

त्यानं पुन्हा एकदा विषय काढला होता. "खाली बसून मारलं तर गोळी आडवी जाती, आप्पा."

"आडवी जाईल तर जाईल. पलीकडं आपलंच रान आहे."

आमचं रान नाल्याच्या अलीकडं संपत नाही. पलीकडंही एक मोठा तुकडा आहे. उसाच्या बांधापासून मध्ये दोन शेतं सोडून तो तुकडा लागतो. डोळ्यांना तो क्षितिजाला टेकलेला दिसतो, उन्हात हलतो. आमच्या बोलण्यात त्याला 'लांबचा तुकडा' म्हणत.

तूर काढून झाल्यावर दरवर्षीचे धनगर आले. त्यांच्या मेंढ्या आम्ही शेतात बसवून घ्यायचो. मेंढ्या ज्या तुकड्यात रात्र काढतात तिथं लेंडीखत पडतं, त्याच्यासारखं खत दुसरं नाही. बदल्यात त्यांना धान्य द्यायचं. आज या तुकड्यात, उद्या त्या, असं ते हलत असतात. कोणत्या रात्री कुठं हे मीच सांगायचो. मेंढ्यांभोवती लावायची जाळी, वाघर, घोड्यावर लादायची आणि पुढच्या तुकड्यात जाऊन ठोकायची.

त्या संध्याकाळी म्हातारा धनगर दुकानाच्या पायरीवर आला. तंबाखू मळत म्हणाला, "आप्पा, हिकडचं झालं. आता कुठं?"

"लांबच्या तुकड्यात जा," मी म्हणालो. "नाल्यापलीकडं."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबडं फुटून बरंच उजाडलं होतं तेव्हा, मी पूजेला बसलो होतो. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. पूजेत बोलायचं नसतं. शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला. भावाचा फोन. उचलला नाही तर तो पुन्हा करत राहील म्हणून मी उजव्या हातानं उचलला.

तो दबक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, उसातनं मोठं डुक्कर बाहीर पडायलंय. नाल्याकडं तोंड हाय. रान मोकळं हाय का?"

"मोकळं आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी खोटं बोललो नव्हतो, असं मी पुढं खूप वर्षं स्वतःला सांगितलं. उसाच्या बांधाजवळच्या तुकड्यांत खरंच कोणी नव्हतं. मजूर त्या दिवशी उशिरा येणार होते. मी मनात त्या पन्नास पावलांचं रान पाहिलं, वडिलांच्या बंदुकीचं. त्या रानाबाहेर जे होतं ते 'लांब' होतं, आणि लांबचं काही विचारात घ्यायचं नसतं ही सवय होती. लांबून मारता यावं म्हणून मी रायफल घेतली, पण रान मोजायचं ते जुन्याच बंदुकीनं मोजत राहिलो. माझ्या तोंडूनच आदल्या संध्याकाळी मेंढ्या लांबच्या तुकड्यात गेल्या होत्या. मी ते विसरलो नव्हतो. फक्त ते गोळीच्या वाटेत आहे असं मला वाटलंच नाही.

आवाज आला. पूजा संपवून मी विभूती लावत होतो. थोड्या वेळानं दुसरा आवाज आला, तो माणसांचा.

डुक्कर मेलं नव्हतं. ते उसात परत गेलं होतं. गोळी दोन शेतांवरून आडवी गेली आणि नाला ओलांडून वाघरीचा खुंटा उपटायला वाकलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेला लागली. आम्ही तिला जीपमध्ये घातलं. परभणीच्या रस्त्यावर, ताडकळस सोडल्यावर थोड्याच वेळात, तिचा नवरा जीपमध्ये मागून म्हणाला, "आता हळू घ्या." एवढंच. ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

पोलीस चौकशीला आले तेव्हा आम्ही सगळे आमच्या ओट्यावर होतो. भावानं सरळ सांगितलं. "आप्पाला फोन करून इचारलं, साहेब. मोकळं हाय म्हणले."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "विचारलं होतं?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "पण मेंढ्या तिकडं गेल्यात हे मला माहीत नव्हतं."

म्हातारा धनगर खाली अंगणात उकिडवा बसला होता. तो उठून उभा राहिला. "आप्पा, तुमीच तर मला सांगितलं. पायरीवर. लांबच्या तुकड्यात जा म्हणून."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मला आठवतं, त्या क्षणी मला काही वाटलं नाही. डोकं अगदी शांत होतं. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी याला अलीकडच्या तुकड्यात सांगितलं होतं, साहेब. बिचारा दुःखात आहे, त्याचं चुकायलंय."

म्हातारा पुन्हा खाली बसला. भाऊ माझ्याकडं बघत होता. माझं बोलणं खोटं आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. मेंढ्या कुठं पाठवल्या हे मी त्यालाही आदल्या रात्री जेवताना सांगितलं असणार, म्हणून त्याला कळलं, असं पुढं मला वाटू लागलं होतं. तसं नव्हतं. तो एवढंच जाणत होता की धनगर त्याच्या दु:खातसुद्धा जागा चुकत नाही. रात्री कुठं मुक्काम करायचा ते धनगर विसरत नाही. हे त्यानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही एका वाक्यात, आणि पुढं काही विचारलं नाही.

मी मोठा होतो. दुकान माझ्या नावावर, शब्द माझा, गावातले तंटे मी मिटवायचो. भावानं माझ्याविरुद्ध पुन्हा तोंड उघडलं नाही. खटला झाला, शिक्षा झाली, परवाना गेला, रायफल जमा झाली. तो परत आला तेव्हा गावात ती दारूची गोष्ट तयार होती. ती मी सुरू केली नाही. पण पहिल्यांदा दुकानात कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी घेतली असंल, न्हाईतर एवढा सावध माणूस कसा चुकंल?" तेव्हा मी तागडीत खत घालत होतो, आणि मी मान हलवली. नाही म्हणून नाही, होय म्हणूनही नाही. नुसती हलवली. तेवढं पुरलं.

धनगर त्यानंतर आमच्या शिवारात आले नाहीत. दरवर्षी तूर निघाली की त्यांची घोडी दुरून रस्त्यानं जाताना दिसतात.

भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात. मी वरून माती लोटली. मनात होतं की त्याच वेळी सगळ्यांसमोर बोलावं. लोक घाईत होते, उन्हं तापली होती. मी बोललो नाही.

आता पुतण्या दुकानात उभा राहून मला म्हणत होता की तो पीत नाही. मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की माझं खोटं नुसतं माझ्या भावावर बसलेलं नाही. ते अजून चालतंय. या पोरानं त्यातून एक धडा घेतला होता: दारू न पिणाऱ्या माणसाच्या हातात लांब पल्ल्याची रायफल बिनधोक असते. तो बांधावर बसणार होता. घरी विचारणार होता. घरचं माणूस आपल्या मनातलं छोटं रान बघून हो म्हणणार होतं.

मी दुकानाला कुलूप लावलं. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून शेतात गेलो. उसाच्या बांधावर त्याला उभं केलं आणि म्हणालो, "चल माझ्यासोबत." आम्ही दोन शेतं चालत गेलो. माझे गुडघे दुखतात, त्यामुळं वेळ लागला. ढेकळांतून चालताना तो दोनदा म्हणाला, "कुठं न्यायलात, मोठे आप्पा?" नाला उतरून वर चढलो. त्या जागेवर मी त्याला सांगितलं. फोन, पायरी, लिंगावरचा हात, तागडी. काही वगळलं नाही.

तो मागं वळून उसाकडं बघत राहिला. इथून ऊस हिरव्या रेघेसारखा दिसतो.

"एवढ्या लांबून?" तो म्हणाला.

"एवढ्या लांबून."

त्यानं पायाखालचं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "दादा तवाबी पीत नव्हते, हे मला मायीनं शंभर वेळा सांगितलं. मी तिलाच खोटं समजलो." नंतर म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? गावाला सांगा. तिला सांगा."

भावजयीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती दारात डाळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "धनगरालाबी खोटं पाडलं तुमी." आणि उठून आत गेली. तेव्हापासून त्या घरातून मला चहा विचारला गेलेला नाही. तो विचारला जावा असंही मला वाटत नाही.

पुतण्यानं पंधरवड्यानं बांबू आणले. उसाच्या कोपऱ्यावर माळा बांधायला घेतला. मला बोलावलं नाही, मी रस्त्यावरून जाताना पाहिलं. बोर कोणती घेणार ते त्यानं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही.

मग सोमवारी देवळापुढच्या पारावर मी गावातल्या माणसांना सांगितलं. माझ्याच वयाचे काही होते, काही पुतण्याच्या वयाचे. मी उभा राहून बोललो, कारण बसून बोललो असतो तर त्या गप्पा झाल्या असत्या. दारूची गोष्ट खोटी आहे हे सांगितलं. फोनवरचे माझे शब्द सांगितले. धनगर खरा होता हे सांगितलं.

कोणी खाकरलं. माझ्या बरोबरीचा एक जण म्हणाला, "जाऊ दे आप्पा, वय झालं की माणसाला भलतंसलतं आठवाया लागतं."

"आठवायला लागलं नाही. विसरलोच नव्हतो."

"बरं, बरं," तो म्हणाला, जसं मी त्या धनगराबद्दल म्हणालो होतो तसंच, दयेनं. दुसरा म्हणाला, "पिऊनच होता की तो. माझा बाप सांगायचा."

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. त्यांना ती दारू हवी होती. तो पीत होता, आपण पीत नाही, म्हणजे आपल्या हातून होणार नाही. यंदा आमच्या गावातून आणखी काही जणांनी परवान्याला अर्ज केलेत. डुकरं खरंच वाढली आहेत, त्यात त्यांचं खोटं नाही.

पाराच्या कडेला बसलेला एक तरुण मोबाइल हातात घेऊन माझ्या जवळ आला. त्याची शेती नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. तो आदरानं, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, आप्पा. तुमी एवढं वाचलेलं हाय. आमाला सांगा, लांबचं मारायला कोणती चांगली?"

मी सांगितलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग बाकीच्यांकडं गेला. त्यांनी फोनभोवती डोकी जमवली, आणि बर्फातल्या त्या दाढीवाल्याचा आवाज पारावर येत राहिला.